भार काढल्यावर

बाळांनो, तुमचे आजोबा कारखान्यात धातूंचा कठीणपणा तपासायचे. पोलादाची गोळी नमुन्यावर दाबायची, भार काढायचा आणि मागे राहिलेला खड्डा मोजायचा. खड्डा जितका मोठा, तितका धातू मऊ.

त्यांच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी सुजलेल्या पायावर अंगठा दाबून उचलला. खड्डा तसाच राहिला.

"माल मऊ निघाला, डॉक्टर. नापास करा," आजोबा म्हणाले. डॉक्टर हसले.

सोसण्याच्या मर्यादेपलीकडे दबलेली वस्तू पूर्ववत होत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. तरीही मी त्या खड्ड्याकडे, तो भरून येईल म्हणून, बघत राहिले.

त्यांनी हळूच चादर ओढून पाय झाकला. "अगं, बघतेस काय? डॉक्टरांना चहा टाक."