घड्याळवाल्याच्या पाठीमागे

माझ्या मावशीनं मला आयुष्यात एकदाच नोकरी दिली आणि अकराव्या दिवशी काढून घेतली. मावशीचं पाट्या रंगवायचं दुकान. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे गाड्या लावू नयेत'च्या. मी बेकरीची पाटी रंगवली, तर शेवटच्या अक्षरापर्यंत येता येता ओळ घसरून दाराच्या चौकटीला टेकली. मावशी रस्त्याच्या पलीकडे गेली, एक डोळा मिटून बघितलं आणि चारचौघांत म्हणाली, "पाव घ्यायला येणाऱ्यांच्या माना वाकड्या होतील गं!" याला तीस वर्षं झाली. अजूनही ती माझी ओळख "ही माझी भाची, हिला सरळ रेघ येत नाही" अशीच करून देते. मी दोन मुलं वाढवली, एक दुकान चालवलं, त्याचं काही नाही.

तर या मावशीचा गेल्या सोमवारी सकाळी सातला फोन. "विळा घे, जाड बूट घाल आणि ये. माझी जागा चाललीय."

जागा म्हणजे दफनभूमीतली. मावशी नऊ वर्षांची असताना तिची आई, म्हणजे माझी आजी, गेली. माझी आई तेव्हा पाळण्यात होती. आजोबांनी जोडजागा घेतली होती, एक आजीसाठी, एक स्वतःसाठी. पण पुढे ते मामाकडे राहायला गेले आणि तिकडेच वारले. तेव्हापासून ती दुसरी जागा मावशीची. "मी आईशेजारी" हे तिनं इतक्यांदा ऐकवलंय, की कुणी आधी तिथे जाऊन आडवं पडेल अशी तिला भीती असावी. आता दफनभूमीच्या फाटकावर नोटीस लागली होती: शुक्रवारपर्यंत आपल्या माणसाचा दगड दाखवून नोंद करा, नाहीतर जागा मोकळी धरली जाईल.

"मग दाखव की," मी म्हणाले.

"कुठे आहे ते माहीत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

सत्तर वर्षांत बाई एकदाही तिकडे फिरकली नव्हती. कारण राग. आजोबा दगडावर अक्षरं कोरायचे. "आई गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दुकानात!" हे मावशी आजही काल घडल्यासारखं सांगते. "डोळ्यातून टिपूस नाही. दिवसभर आपली छिन्नी, ठक ठक ठक. दगडच तो माणूस." लहान मुलांना दफनाला नेलं नाही, आणि मोठी झाल्यावर ही हट्टानं गेली नाही. मात्र त्याच माणसाकडून अक्षर शिकली, आणि "बाबांच्या ओळीवर पाण्याचा थेंब ठेवला तर घरंगळायचा नाही" हा अभिमानही तिचाच. रागाची आणि अभिमानाची अशी दोन दुकानं तिनं शेजारीशेजारी चालवली.

दफनभूमीत पाऊल टाकलं आणि मी कपाळाला हात लावला. कमरेएवढं गवत, काटेरी झुडपं, दगडांवर वेलींची गोधडी. कारकून वही काखेत मारून वाट बघत होता. तो "आजी" म्हणाला आणि मावशीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की पुढे तो दिवसभर "ताई" म्हणत राहिला. तिनं त्याला वय बहात्तर सांगितलं. खरं एकोणऐंशी. 

तिच्याकडे एक जुनी चिठ्ठी होती. नंबर वाळवीनं खाल्लेला. एवढंच उरलं होतं: 'मागच्या भिंतीजवळ, जोडजागा.'

"चिठ्ठी चालणार नाही, ताई. दगडावर नाव हवं."

फाटकाजवळच मावशी एका थडग्यापाशी थबकली. "हा मेला इथे आहे होय! घड्याळवाला! माझं घड्याळ दुरुस्तीला घेतलं आणि आठव्या दिवशी गचकला. पट्टासुद्धा परत मिळाला नाही." मी तिला दंडाला धरून पुढे नेलं. मेलेल्या माणसाशी भांडायला वेळ नव्हता.

चार दिवस आम्ही तो मागचा कोपरा विळ्यानं खरवडला. माझ्या गुडघ्यांची वाट लागली. मावशी स्टुलावर बसून हुकूम सोडायची आणि प्रत्येक दगडाच्या अक्षराला मार्क द्यायची. "दहापैकी चार. हा काय र आहे?" भिंतीजवळचे एकोणीस दगड वाचले. आजी कुठेच नाही. शुक्रवारी दुपारी मावशीनं मार्क देणं बंद केलं. 

"राहू दे," ती म्हणाली. "मीच आले नाही कधी. आता तिनं का भेटावं?"

कारकून वही मिटायला लागला. मी चिडून शेवटच्या दगडावरची वेल ओढली. काळा, गुळगुळीत, उत्तम दगड. नाव वाचलं आणि मला हसूच आलं. "मावशी, तुझा घड्याळवाला इथेपण मेलाय!"

ती उठून आली. तेच नाव, तेच जन्मसाल. मृत्यूचं साल मात्र सव्वीस वर्षं आधीचं, आणि दिवस-महिन्याची जागा कोरी.

"अगं, हा तो दगड!" मावशीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "हा माणूस मरायला टेकला होता. डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून बायकोनं दगड आधीच करायला टाकला. बाबांनी सालापर्यंत कोरलं, आणि हा उठून बसला! चालत दुकानात आला, स्वतःचा दगड बघितला, 'अक्षर झकास' म्हणाला आणि गेला. दुकानातला सगळ्यात चांगला दगड तो. आई गेली त्याच आठवड्यात दिसेनासा झाला. बाबा म्हणाले, खपला."

आम्ही दोघींनी एकदमच भिंतीकडे पाहिलं. दगड आणि भिंत यांच्यात माणूस जाईल एवढी फट, त्यात झुडपांचं रान.

"पूर्वी वाट भिंतीच्या बाजूनं होती," कारकून म्हणाला आणि वही खाली ठेवून स्वतःच काटे तोडायला लागला.

दगडाच्या मागच्या बाजूला आजीचं नाव होतं. गाव, दोन्ही सालं, सगळं. मी आनंदानं ओरडले.  मावशीनं एक डोळा मिटला आणि नावाच्या ओळीवरून बोट फिरवत नेलं. बोट खाली खाली उतरत गेलं. ओळ तिरकी होती. चांगली चार बोटं घसरलेली. एका अक्षराचा तर कानाच दुभंगला होता.

"तो हेच कोरत होता," ती म्हणाली. "त्या दिवशी. ठक ठक. आणि त्याला ओळ दिसत नव्हती."

मग ती तिथेच गवतात बसली आणि सत्तर वर्षांचं रडली. कारकून टोपी काढून उभा राहिला.

बऱ्याच वेळानं त्यानं हळूच विचारलं, "ताई, नोंद कशी करू? पुढे एक नाव, मागे दुसरं."

"पुढचा गृहस्थ फाटकाशी झोपलाय, त्याला विचारून या," मावशी नाक पुसत म्हणाली. ती पुन्हा माणसात आली होती. कारकुनानं मुकाट्यानं आजीचं नाव लिहिलं.

"दगड साफ करून ओळ सरळ करून घ्यायची का?" मी विचारलं. चांगल्या मनानं विचारलं होतं.

"खबरदार हात लावलास तर! आणि ऐक. माझी वेळ आली की माझं नाव आईच्या नावाखाली. रंगानंच लिहायचं, आणि बाबांच्या ओळीला समांतर."

"इतकं तिरकं कोण लिहून देणार तुला?"

मावशीनं माझ्याकडे नीट बघितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा कौतुकानं.

"सोमवारपासून दुकानात ये," ती म्हणाली.