टांगेवाल्याची बोलणी

चांद्याचा आमचा नेहमीचा टांगेवाला फार अबोल. सवारीकडे पाठ करून बसला, की अख्ख्या वाटेत 'हो' आणि 'नाई' एवढंच. जर्मनीहून आलेल्या पाहुण्याला किल्ले दाखवायला मी त्याच्याच टांग्यातून बल्लारपूरला नेलं. नदीकडच्या पायऱ्यांवर फोटो काढता काढता पाहुणा घसरला आणि थेट वर्धेच्या डोहात पडला. मला पोहता येत नव्हतं. मी नुसता ओरडत राहिलो. टांगेवाल्याने दुपट्टा काठावर फेकून उडी घेतली आणि त्याला ओढत बाहेर आणलं. कॅमेरा पाहुण्याच्या मुठीत तसाच!

"फोटूचा डबा सोडून माहा हात काऊन नाई पकडला? मराचं होतं का तुले?"

कोरडा दुपट्टा त्याच्याभोवती गुंडाळत तो थोरल्या भावासारखा रागावत राहिला. पाहुणा एक शब्दही न समजता निमूट मान डोलवत होता. मला एकदम हसू फुटलं आणि मी पायरीवरच मटकन बसलो.