ओपन स्पेसवरचा मारुती

ह्यांना लकवा झाला तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांपेक्षा चालण्यावर भर दिला. सपाट जागा, वॉकर, सकाळ-संध्याकाळ. नाही चालले तर पाय कायमचा जाईल, असं तोंडावर सांगितलं.

दौंडच्या आमच्या प्लॉटिंगमध्ये सपाट जागा एकच होती, कोपऱ्यावरचा ओपन स्पेस. प्लॉट विकताना नकाशात तो हिरवा रंगवून दाखवला होता. बाग काही झाली नाही, पण मुरूम दाबलेला होता आणि ह्यांना तेवढं पुरत होतं. रेल्वेत गार्ड म्हणून जन्म काढलेला माणूस कुंपणापर्यंत जायचा, थांबायचा, वळायचा. पाय हळूहळू उचलायला लागला होता.

मग प्लॉटिंगवाल्याने तिथे खांब रोवले. शेड घालून गाड्यांना भाड्याने देणार म्हणे. नकाशा घेऊन नगरपालिकेत जाऊ, असं मी म्हटलं, तर शेजारचे आप्पा हसले.

"वहिनी, कागदानं जागा राहती व्हय? देव बसवू. मारुतीला उठवायची कुणाची छाती हाय?"

सगळ्यांना पटलं. आमच्या भागात जागा राखायची ही जुनी रीत आहे. चौथरा झाला, शेंदरी मूर्ती आली, वर पत्रे चढले. महाप्रसादाची डाळ मी शिजवली. प्लॉटिंगवाला आला, त्याने मुकाट्याने हात जोडले, नारळ फोडला आणि खांब उपटून घेऊन गेला. आम्हाला वाटलं, जिंकलो.

होता होता आप्पा देवस्थानचे अध्यक्ष झाले. आधी शनिवारच्या भक्तांच्या गाड्या लागल्या. मग फाटकाला साखळी आली. मग कुरकुंभच्या कारखान्यांत कामगार नेणाऱ्या बसगाड्या तिथे मुक्कामाला यायला लागल्या. ह्यांना चालायला चौथऱ्याच्या कडेचा बोळ उरला. एकदा रिव्हर्स येणाऱ्या बसला चुकवताना हे पडले. हाड मोडलं नाही, धीर मोडला. दुसऱ्या दिवसापासून बाहेर पडेनात.

मी आप्पांकडे गेले. "ह्या बसगाड्या कुणाच्या?"

"भक्तांच्या."

"भक्त डिझेलवर चालतात वाटतं."

"चेष्टा नको, वहिनी. भाडं न्हाई, देणगी हाय ती. आता काय देवाच्या जागेची तक्रार करणार?"

"जागा लोकांची आहे. मारुती राखणीला बसवला होता."

"मग राखतोयच की," आप्पा म्हणाले.

नगरपालिकेतल्या साहेबांनी नकाशा नीट पाहिला. "ओपन स्पेसच आहे, तुमचं बरोबर आहे. नुसती पार्किंगची शेड असती तर उद्या पाडली असती. पण मंदिर आहे, बाई. आपसांत मिटवा." शेजाऱ्यांकडे सह्या मागितल्या, तर जो तो देवाला मध्ये घालायला लागला. निम्म्यांच्या स्वतःच्या गाड्या साखळीच्या आत उभ्या होत्या.

आता जमेल तेव्हा मी ह्यांना रिक्षात घालून स्टेशनवर नेते. प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं आणि गाडीची गर्दी ओसरली की फलाटावर चालवायचं. लोकांना वाटतं आम्ही कुणाला तरी घ्यायला आलोय. पण रिक्षात चढवणं-उतरवणं रोज मला एकटीला होत नाही. खाडे पडतात. पाय पुन्हा फरफटायला लागलाय.

परवा आप्पा मंदिराच्या वर्धापनदिनाची पत्रिका घेऊन आले. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आरतीला यायचं बरं का. तुमी चालत आलेलं बघायचंय आमाला."

मी म्हटलं, "येतील की. वाटेत बस उभी आहे, ती काढा."

आरतीच्या दिवशी आप्पांनी शब्द पाळला. बस पुढे घेतली होती. एक माणूस अंग चोरून जाईल एवढी. ह्यांचा वॉकर त्या फटीत बसत नव्हता.