चेहरा भट्टीत राहिला

“काका, तुम्हाला मँगनिझम आहे,” डॉ. रसिका मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, चला, आजार तरी नामी निघाला! आमच्या वस्तीत शुगर, बीपी, मूतखडा हे गल्लोगल्ली पडलेले. मँगनिझम अख्ख्या नागपुरात एकट्या हरिदासच्या वाट्याला. मिरवणूक काढायचंच काय ते बाकी होतं.

माझी बायको शांता शेजारी बसली होती. तिनं सरळ विचारलं, “मॅडम, हे लागट आहे का?”

“माणसापासून माणसाला लागत नाही. पण त्याच भट्टीवर काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाला असू शकतो.”

शांतानं खुर्चीचा हात घट्ट धरला. त्या भट्टीवर तिचा धाकटा भाऊ प्रकाश कामाला आहे. माझीच जागा त्याला मिळाली, आणि मीच शब्द टाकून मिळवून दिली होती.

आता मँगनिझम म्हणजे काय ते सांगतो. मँगनीज हा धातू. पोलादात घालतात. आमच्याकडे त्याचा दगड भट्टीत वितळवतात. वितळताना जो धूर निघतो तो नाकातून आत जातो आणि मेंदूच्या तळाशी जाऊन बसतो. पाहुणा नाही, जावईच तो. एकदा बसला की उठत नाही. मग माणूस ताठतो. चालताना मागच्या मागे पडतो. आवाज सपाट होतो. चेहऱ्यावरचं हसू, रडू, राग, सगळं पुसलं जातं. त्याला डॉक्टर लोक मास्क फेस म्हणतात, म्हणजे मुखवट्यासारखा चेहरा.

नेमका माझा चेहराच जावा? बाप्पा, काय चेहरा होता तो! एकदा गांधीबागेत पोलक्याचं कापड घ्यायला गेलो आणि दुकानदाराला त्याच्याच सासऱ्याची नक्कल करून दाखवली. हसता हसता त्याच्या हातचा मीटर सुटला आणि दोन हात कापड जास्त कापलं गेलं. शांता म्हणते, दोन हात नाही, वीतभर. मी सांगतोय आणि ती लिहून घेतेय, म्हणून तिचंही मत इथं आलं. माझं अक्षर आता मुंगीच्या पायाएवढं येतं. तोही या आजाराचाच भाग.

मी टॅपिंगवर होतो. टॅपिंग म्हणजे भट्टीचं तोंड फोडून वितळलेला धातू बाहेर काढणं. तिथली गरमी अशी, की शेडमधून निघून आम्ही मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात सावलीला जायचो. धूर इतका, की समोरच्याला शिवी द्यायची तर आधी त्याला हात लावून ओळखावं लागे. तोंडाला दुपट्टा बांधायचा आणि भिडायचं. सुटी झाली की नाकातून काळं निघायचं. आम्ही म्हणायचो, मालक पगाराबरोबर काजळ फुकट देतो.

आजार सुरू झाला तो हसण्यानं. कारण नसताना हसू यायचं. कुणाच्या मातीला गेलो तरी हसू. मग झोप गेली. मग एके दिवशी टाचा टेकेनात. चवड्यावर, छाती पुढे काढून, कोपरं वाकवून मी शेडमधून चाललो, आणि अख्ख्या शेडनं टाळ्या पिटल्या!

“वा गा हरिदास! संपतरावची चाल! हुबेहूब!”

संपतराव हा माझ्या आधीचा टॅपिंगवाला. तो असाच कोंबड्यासारखा चालायचा. त्याची नक्कल हा माझा हुकमी खेळ होता, दर दसऱ्याला फर्माईश व्हायची. त्यामुळे मी खरंच तसा चालायला लागलो ते कुणालाच कळलं नाही. मागच्या मागे पडलो, तरी हशा. ताठ चेहऱ्यानं उठलो, तर आणखी हशा. घरी शांता म्हणाली, “अजी, पुरे झालं आता. पाहुण्यासमोर तरी नीट चाला.” मी म्हटलं, “नीटच चालून राहिलो वं.” तीही हसली.

ज्याचे हात-पाय आखडतात आणि लोक टाळ्या वाजवतात, त्यानं करावं काय? मी वाकून सलाम केला. सलाम करताना पुन्हा पडलो.

मग दवाखाने सुरू झाले. धरमपेठेतल्या हाडाच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. इतकं दिलं, की मला कुटून कालवलं असतं तर त्यात एक खोली चुन्यानं रंगली असती. दुसऱ्यांनी सांगितलं, डिप्रेशन, म्हणजे मन खचलंय. तिसरे म्हणाले पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, आणि लेवोडोपा नावाची गोळी दिली. ही गोळी कंपवाताच्या माणसाला चालतं करते. मला तिनं फक्त मळमळ दिली. प्रत्येकाच्या बाहेर तेच बाकडं, तोच बंद पंखा, आणि आत गेल्यावर तोच प्रश्न, “काय होतंय?” काय करता, हे कुणीच विचारलं नाही. कागदावर एका शब्दात ‘नोकरी’ लिहिलेलं असायचं. नोकरी तर कलेक्टरही करतो.

शेवटी मोठ्या दवाखान्यात एका शिकाऊ डॉक्टरनं जिन्याखालच्या खोलीकडे बोट दाखवलं. ऑक्युपेशनल मेडिसिन, म्हणजे कामामुळे होणाऱ्या आजारांचा डॉक्टर. असाही डॉक्टर असतो हे मला पन्नाशी उलटून कळलं. आठवड्यातून फक्त मंगळवारी बसतो हेही कळलं.

रसिका मॅडमनी नाडी पाहिली नाही की जीभ पाहिली नाही. आधी म्हणाल्या, “पहिल्या नोकरीपासून सांगा. कुठे उभे राहायचे, धूर कुठून यायचा, तोंडाला काय बांधायचे.” बाप्पा! आयुष्यभर लोकांना गोष्टी सांगितल्या, पण माझीच गोष्ट कुणी पहिल्यांदा मागितली. मी धूर थोडा वाढवून सांगितला. मॅडम म्हणाल्या, “काका, आहे तेवढाच सांगा. तेवढाच पुरेसा वाईट आहे.”

मग म्हणाल्या, “चालून दाखवा.” मी चाललो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “याला कॉक वॉक म्हणतात, कोंबड्याची चाल. शेडमध्ये आणखी कुणी असं चालायचं?”

“संपतराव.”

“ते कुठे आहेत?”

“वारले. दारूनं पाय गेले, म्हणत लोक.”

“प्यायचे?”

मी आठवून पाहिलं. संपतराव माळकरी होता. चहासुद्धा बिनदुधाचा, एकच कप.

एमआरआय झाला, म्हणजे चुंबकाच्या बोगद्यात घालून मेंदूचा फोटो. तळाशी एक जागा पांढरीशुभ्र चमकत होती. माझ्या डोक्यात उजेड आहे असं मी नेहमी सांगायचो, त्याचा पुरावा मिळाला. मग किलेशन केलं. म्हणजे धातूला पकडून लघवीतून बाहेर काढणारं औषध सलाईनमधून द्यायचं. थोडं निघालं असेल. चाल होती तशीच राहिली. मॅडम स्पष्ट बोलल्या, “गेलेलं परत येणार नाही, काका. वाढू नये एवढंच बघायचं. पण ज्याला नुकतंच सुरू झालंय, तो आज धुरातून बाहेर पडला तर वाचू शकतो.”

आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर प्रकाशच आला. तो अलीकडे उगाच हसायचा.

“प्रकाश, चाल ना बा एकदा दवाखान्यात,” शांता दर रविवारी म्हणायची.

“काहून? मले काय झालं? भाऊजीचं नाटक तुमच्या घरी, माझ्या घरी नको.”

“नाटक?”

“ताई, मॅडमनं माझं नाव लिहिलं की ठेकेदार माझं नाव खोडते. समजून घे ना वं.”

असे महिने गेले. तोवर मॅडमची कहाणीही मला कळत गेली. बाकड्यावर बसून माणसाला दुसरं काम काय? त्यांच्या सोबत शिकलेले हृदयाचे, मेंदूचे, त्वचेचे डॉक्टर झाले होते आणि त्यांना विचारायचे, तू नक्की कशाची डॉक्टर? शिकाऊ पोरं त्यांच्या खोलीत पंख्याखाली बसायला यायची. एकाला मी विचारलं, “या लाइनीत येणार काय?” तो म्हणाला, “काका, यात पेशंट गरीब आणि समोरची पार्टी कंपनी. कोण येणार?” पोरगं खरं बोललं. मॅडमनी आमच्या शेडमध्ये येऊन धूर मोजण्याची परवानगी मागितली होती. गेटवरच्या खुर्चीत अर्धा दिवस बसवून, चहा पाजून, परत पाठवलं.

एका मंगळवारी त्यांनीच सांगितलं, “काका, मी जातेय. दुसऱ्या राज्यात एका मोठ्या कारखान्यात मेडिकल ऑफिसर म्हणून.”

“मालकाच्या पगारावर?”

“हो. इथे मी एकही शेड आतून पाहिली नाही. तिथे निदान आत तरी जाता येईल.”

“आणि आतलं लिहू देतील?”

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “माहीत नाही,” म्हणाल्या.

त्यांच्या जागेवर कोण येणार, हे विचारलं तर तेही माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात प्रकाश चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या मागे पडला. कपासकट. हसत उठला, पण संध्याकाळी स्वतःच घरी आला आणि म्हणाला, “भाऊजी, मंगळवारी मी येतो.” तो मॅडमचा शेवटचा मंगळवार होता.

मॅडमनी त्याला उलटं चालायला सांगितलं. दोन पावलांत त्यानं टेबल धरलं. त्या म्हणाल्या, “सुरुवात आहे. आजपासून टॅपिंग बंद. धूर नसेल असं कुठलंही काम चालेल.” चिठ्ठी दिली. त्यावर एखाद्या राजाच्या फर्मानासारखा शिक्का मारला.

त्या खोलीनं मला बरं केलं नाही, तरी मी तिचा ऋणी आहे. आपल्याला काय झालंय हे न कळता मरणं वेगळं आणि कळून मरणं वेगळं. संपतरावला तेवढंही मिळालं नाही. तुम्ही कुठल्या धुरात, धुळीत, आवाजात काम करत असाल, तर दवाखान्यात न विचारताही ते सांगा. नुसतं ‘नोकरी’ म्हणू नका. आणि एखादी डॉक्टर झालेली पोर हे वाचत असेल, तर तिला या लाइनीत ये म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण ती जिन्याखालची खोली सध्या रिकामी आहे.

चिठ्ठी ठेकेदारानं वाचली, घडी घातली आणि प्रकाशच्याच खिशात परत ठेवली. “टॅपिंगवर जागा आहे. नाही जमत तर घरी बस.”

परवा दुपारी तो ड्युटीवर निघाला. आमच्या दारासमोरूनच जातो. मी भिंत धरत बाहेर आलो आणि त्याच्या गाडीचं हँडल धरलं. जन्मात कुणाला विनवलं नसेल इतकं विनवलं. शपथ घातली, शांताची घातली, शिव्या घातल्या. त्यानं गाडी बंद केली आणि माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“भाऊजी, तुम्ही चिडून राहिले, का रडून राहिले, का गंमत करून राहिले? मले खरंच काही समजून नाही राहिलं.”

माझी बोटं त्यानंच अलगद हँडलवरून सोडवली आणि किक मारली.

“रडून राहिलो गा,” मी म्हटलं. गाडीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसावं.