सुभाननं मागितलेलं पाणी

पाबळच्या आसपास विहीर पाडायची म्हटली की लोक सुभानला बोलावीत. खडकात भोकं पाडायची, दारू ठासायची, वाती पेटवून झटकन वर यायचं, हे काम तो आणि त्याचा धाकटा भाऊ फकीर मिळून करत. सुभानची आणखी एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. नमाज झाली तरी तो उठत नसे. तिथंच बसून अल्लाशी बोलत राही. खडक कसा लागलाय, बायकोचा गुडघा किती दुखतोय, सगळं सांगे.

"झालं का दोस्ताशी बोलून?" फकीर हसायचा.

"दोस्ती काय कामापुरती असती व्हय रं?" सुभान म्हणे.

१९५६ च्या उन्हाळ्यात ते पोपटरावांच्या विहिरीवर होते. चाळीस हात खाली गेले तरी ओल नव्हती. त्या दिवशी चार सुरुंग लावले. तीन उडाले, चौथा उडाला नाही. असा सुरुंग राहिला की दिवसभर खाली उतरायचं नाही, हा सुभानचा दंडक. फकीरला तसं बजावून तो बांधावर दुपारच्या नमाजाला उभा राहिला. नंतर नेहमीसारखा बोलत बसला. इथं पाणी लागू दे, एवढंच त्यानं त्या दिवशी मागितलं.

इकडे पोपटरावांना धीर निघेना. "फकीर, वात विझलीच आसंल की. दिस फुकाट जायचा. जरा बघून तरी ये."

फकीरनं बांधाकडं पाहिलं. भाऊ डोळे मिटून बसला होता. त्याला उठवावं असं काही फकीरला वाटलं नाही. तो उतरला. हे सगळं माती वाहणाऱ्या साखरबाईनं मागाहून सांगितलं.

चौथा सुरुंग तेव्हा उडाला.

फकीरचं प्रेत दोरानं वर काढलं, तेव्हा अंगावरचे कपडे ओले होते. खडक फुटून झरा लागला होता. दुसऱ्या सकाळी विहिरीत पुरुषभर पाणी होतं.

तिसऱ्या दिवशी पोपटराव भेटायला आले. म्हणाले, "लई वाईट झालं, सुभान. पन तुझ्या मागण्याला यश आलं बघ." सुभान उठून बाहेर गेला. पुढच्या महिन्यात पोपटरावांनी विहिरीची पूजा घातली, गावजेवण दिलं.

फकीरची बायको अमीरबी दौंडला रेल्वेत असलेल्या भावाकडं निघाली. जाताना ती एवढंच म्हणाली, "भाईजान, त्या दिवशी तुमी लवकर उठला असता, तर त्ये उतरलेच नसते."

सुभाननं सुरुंगाचं काम सोडलं आणि तो बैलगाडीतून दगड वाहू लागला. नमाज सोडली नाही. पण आता शेवटचा सलाम झाला की लगेच चटई गुंडाळी. सहा वर्षं तो अल्लाशी आपलं म्हणून एक शब्द बोलला नाही.

दर ईदला तो अमीरबीसाठी लुगडं घेऊन दौंडला जाई. ती बाहेर येत नसे. तिची भावजय दारातच लुगडं घेई. १९६२ च्या ईदला भावजयीनं ते परत दिलं. "त्या म्हणत्यात, परत येऊ नका."

सुभान स्टेशनाबाहेरच्या लिंबाखाली येऊन बसला. तिसऱ्या प्रहराची नमाज तिथंच पढली. त्या दिवशी मात्र चटई गुंडाळायला त्याचे हात उठले नाहीत.

"मी पाणी मागितलं, तू पाणी दिलंस," तो मोठ्यानं म्हणाला. "भावाचं मी बोललो न्हवतो, म्हणून? ते पन सांगाया लागत हुतं? मी तुझ्यापाशी बसलो हुतो, तवाच न्यायचा हुता?"

येणारेजाणारे थांबून बघू लागले. तो रडत होता आणि बोलत होता.

त्यानंतर तो पुन्हा रोज बसू लागला. बायको सुगराबीनं एकदा विचारलं, "निवळलं का मन?"

"न्हाई. भांडतोय. पन सहा वर्सं त्येच्याशी गप ऱ्हायलो, त्यात जास्त जळत हुतो."

मागणं मात्र त्यानं पुन्हा कधी मागितलं नाही, स्वतः आजारी पडला तेव्हासुद्धा नाही.

१९६७ मध्ये अमीरबी वारली. दौंडहून निरोप आला तो दफन झाल्यावर चार दिवसांनी. सुभान ऐकून आत गेला आणि चटईवर बसला.

"अमीरबी गेली," तो म्हणाला. "तुला ठाव हुतं. मला कुणी सांगितलं न्हाई."

सुगराबीनं जेवायला दोनदा हाक मारली. तो उठला नाही.