लिंबावरची फळी

राणीसावरगावच्या गोजरबाई कुठल्याही झाडाखाली बसण्याआधी त्याच्या बुंध्याभोवती एक फेरा मारतात. नवख्या माणसाला वाटतं, बाई फार देवभोळी. प्रत्यक्षात त्या झाडाची तपासणी करत असतात, आणि झाड नापास झालं तर खुशाल उन्हात बसतात.

हे शिक्षण त्यांना ऊसतोडीत मिळालं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, दुसऱ्याच हंगामात, त्यांनी तान्ह्या लेकाची, प्रीतमची, झोळी फडाच्या कडेच्या बाभळीला बांधली. बाभूळ हिरवीगार होती. फक्त खोडातून अर्ध्या भाकरीएवढी एक टणक, तपकिरी फळी बाहेर आली होती. सोय झाली म्हणून गोजरबाईंनी तिच्यावर तेलाची बाटली ठेवली. दुपारी बाभूळच बुंध्यातून मोडून पडली. प्रीतम उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या ढिगावर पडला, म्हणून आज टेम्पो चालवतो. बाटली मात्र फुटली. त्यानंतरच्या वीस हंगामांत टोळीतली एकही झोळी गोजरबाईंना विचारल्याशिवाय टांगली गेली नाही.

यंदा नागपंचमीच्या आदल्या दिवशी प्रश्न आला तो मारुतीच्या पाराजवळच्या कडुलिंबाचा. पोरीबाळींचा झोका कायम त्याच लिंबाला. पहिला मान शिवकन्येचा. ती प्रीतमची मुलगी, लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माहेरी आलेली. गोजरबाईंचा पुतण्या आदिनाथ दोर घेऊन आला. आदिनाथ खताचं-औषधाचं दुकान चालवतो, त्यामुळे गावातल्या प्रत्येक रोगावरचं औषध त्याच्याकडे असतं, कधी कधी रोगाच्या आधीच.

गोजरबाईंनी फेरा मारला आणि अर्ध्यात थांबल्या. बुंध्यावर, जमिनीपासून हातभर उंच, साल खरवडलेली होती आणि वर निळा लेप होता.

"हितं काय व्हतं?"

"अळंबी व्हती काकू. गेल्या महिन्यात कापली, वर बोर्डोचा लेप लावला. रोग खलास."

"तुकडा हाय?"

तुकडा होता. दुकानात, बिलं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेला. शिवकन्येनं तो आणला, येता येता मोबाइलनं फोटोही काढला. मोबाइलनं तीन नावं सुचवली. त्यातलं 'गॅनोडर्मा' आदिनाथनं ओळखीच्या माणसाचं असावं तसं मोठ्यांदा वाचलं.

"नाव काय बी असू दे," गोजरबाई म्हणाल्या. "काम काय करतं ते मी सांगते." त्यांनी तुकडा नखानं वाजवला. लाकडासारखा वाजला. वरून रोगण लावल्यासारखी चकाकी, कडेला वळ्या, खाली सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं. "पावसाळी छत्री मऊ असती, दोन दिसात नासती. हे बसलं की बसलं. आन् हे बघ." तुकड्याच्या वळ्यांत तपकिरीसारखी भुकटी अडकलेली होती. "हे त्याचं बी. जितं झाड आतून खायलंय ते."

"पन आता कापलंय की, काकू."

"आंबा तोडला म्हणून आंब्याचं झाड जातं व्हय रे? तू फळ तोडलंस बाबा. बाकी समदं आत हाय."

जमलेल्या बाया हसल्या. आदिनाथ शिकलेला माणूस. त्यानं प्रयोग मांडला. झोका बांधला आणि पाटावर युरियाची दोन पोती करकचून आवळली. नव्वद किलो, म्हणजे जोडीनं झोका घेणाऱ्या दोन पोरी. लिंब हललासुद्धा नाही.

"बघा. लय मजबूत हाय."

"पोतं झोका घेत न्हाई," गोजरबाई म्हणाल्या. "दे की त्याला झोका."

तेव्हा मारुतीच्या साक्षीनं यंदाची पंचमी सगळ्यांत आधी युरियानं खेळली. आदिनाथ लांब दोरीनं पोती ओढायचा आणि सोडायचा. कुणीतरी गाणं धरलं. गोजरबाईंनी शिवकन्येचं मनगट धरून तिला पारावर उभं केलं होतं; ते सोडलं नाही. चौथ्या झोक्याला गाणं चालू होतं. सातव्याला जमिनीतून कट्ट असा आवाज आला. लेपाच्या खालची साल कागदासारखी फाटली, आतून ओल्या कापसागत पांढरा भुसा सांडला आणि लिंब हळूच, वयस्कर माणूस बाजेवर टेकतो तसा, शेजारच्या शाळेच्या भिंतीवर कलला. पोती चिखलात बसली.

 मग शिवकन्या म्हणाली, "आजी, हात दुखायलाय माझा." गोजरबाईंनी मनगट सोडलं. त्यावर चार बोटं उमटली होती.

दुसऱ्या दिवशी दोर ओढ्याकाठच्या चिंचेकडे गेला. गोजरबाईंनी चिंचेला फेरा मारला. त्यांच्या मागून, हात पाठीशी बांधून, आदिनाथनंही मारला.

"बांध," त्या म्हणाल्या.

"काकू, दुकानामागं एक शिरसाचं झाड हाय. जरा बघता का?"

"बघते. आधी पोरीला झोका दे."