मुळांची वाटणी

कुलूपवाल्याचा कुणावरही विश्वास नव्हता. लोकांची अडकलेली दारं उघडून देण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे बंद दार दिसलं की आत काहीतरी दडवलंय अशी त्याची खात्रीच पटायची. बायको होती तोवर ती त्याला ताळ्यावर आणायची. ती गेल्यावर हक्काची अशी एक धाकटी बहीणच उरली, शिवणकाम करणारी, आणि तीही त्याच्या संशयातून सुटली नाही.

निमित्त झालं वडिलांच्या स्लिपर ऑर्किडचं. म्हाताऱ्याने ते पारदर्शक कुंडीत वाढवलं होतं. आत मोकळ्या मातीऐवजी मातीच्याच भाजून टणक केलेल्या गोळ्या. कुंडीच्या अंगाला, तळापासून दोन बोटं वर, एक भोक. भोकाखाली पाणी साठतं, गोळ्या ते हळूहळू वर ओढतात, आणि मुळांना ओलही मिळते नि हवाही. फूल म्हणजे पुढून फुगीर अशी चप्पलच. वडील गेल्यावर बहिणीने स्वयंपाकघराच्या ओट्यावर रोप सोडवून त्याचे दोन भाग केले. एकावर टपोरं फूल होतं, दुसरा नुसताच पानांचा झुबका.

"दादा, फुलाचा तू घे," ती म्हणाली.

तिथेच त्याच्या मनात पाल चुकचुकली. चांगली वस्तू कुणी आपणहून देतं का?

फूल गळलं, नवं काही येईना. शेवटी त्याने रोपवाटिकेतल्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, "काका, ज्या झुबक्याला एकदा फूल आलं, त्याला परत येत नाही. बाजूला नवा फुटवा येतो, तो मोठा झाला की फुलतो."

कुलूपवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे वापरून झालेला माल आपल्या गळ्यात मारला, आणि फुलायचा तो बाईसाहेबांनी स्वतःकडे ठेवला! तिचे फोन तो उचलेनासा झाला. त्याच्याच कुंडीत एक फुटवा डोकं वर काढत होता, पण तिकडे बघायला सवड कुणाला होती?

मग एके दिवशी त्यानेच फोन केला, तुझ्या दाराची कडी सैल झालीय म्हणत होतीस, बघून जातो, असं सांगितलं आणि तिच्या घरी थडकला. तिने हातात चहाचा कप दिला. कप घेऊन स्वारी थेट खिडकीतल्या कुंडीपाशी.

आरपार दिसत होतं. गोळ्या होत्या, तळाला पाणी होतं, मूळ मात्र एकही नव्हतं. पानं सुरकुतलेली, आडवी पडू नयेत म्हणून शिवणाच्या दोऱ्याने काडीला बांधलेली.

"कडी दाराला आहे, दादा," बहीण मागून म्हणाली.

तो आणखी वाकून कुंडीत बघू लागला.

"रोप सोडवलं तेव्हा मुळं सगळी एकाच बाजूला निघाली. ती बाजू तुला दिली. ह्याला एकच होतं, तेही कुजलं. तेव्हापासून जपतेय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"हे तुला दिलं असतं आणि मेलं असतं, तर जन्मभर म्हणाला असतास, बहिणीने मुद्दाम मरायला टेकलेलं दिलं. मला ते ऐकायचं नव्हतं."

कुलूपवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकलं म्हणावं, तिच्या पाठीवरून हात फिरवावा, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. त्याने तोंड उघडलं.

"मुळं कुजली खरंच, की मी येणार म्हणून कापून ठेवलीस?"

बहिणीने त्याच्या हातातला कप काढून घेतला. चहा अजून अर्धा होता.